नवा डेस्कटॉप घेताय? तो कसा बिघडेल, हे अजून कुणालाच ठाऊक नसतं

ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटेलने तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आणले. त्यातल्या सगळ्यात वरच्या कोअर आय९-१३९००के या चिपचं परीक्षण करणाऱ्यांनी तोंडभर कौतुक केलं, आणि ते खोटं नव्हतं. चिप खरोखरच वेगवान होती. वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, चौदावी पिढी आली. आणि २०२४ उजाडलं तशी जगभरातून एक विचित्र तक्रार वाढत गेली. गेम सुरू करताना कॉम्प्युटर म्हणायचा, ग्राफिक कार्डची मेमरी पुरत नाही. कार्डावर चोवीस जीबी मेमरी, आणि तरी पुरत नाही!

लोकांनी साहजिकच ग्राफिक कार्डावर संशय घेतला. कुणी कार्ड बदललं, कुणी रॅम बदलली, कुणी विंडोज पुन्हा टाकलं. दोष होता प्रोसेसरमध्ये. गेम सुरू होताना दाबून लहान केलेला भरपूर डेटा प्रोसेसरला उलगडावा लागतो. त्या कामात एका आकड्याची जरी चूक झाली, तरी पुढचं सगळं गणित फसतं, आणि गेमला जो काही निरर्थक आकडा हाती लागतो त्यावरून तो 'मेमरी संपली' असा निष्कर्ष काढतो. एखादं मोठं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना मध्येच 'फाइल खराब आहे' असा संदेश यायचा, तोही याच कारणाने. एप्रिल २०२४ मध्ये ग्राफिक कार्डाच्या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने आपल्या ग्राहकांना सरळ सांगितलं की हा संदेश दिसत असेल आणि प्रोसेसर तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा असेल, तर इंटेलकडे जा.

इंटेलचं पहिलं बोट मदरबोर्ड बनवणाऱ्यांकडे होतं: तुम्ही विजेच्या मर्यादा सैल ठेवल्यात. त्यात तथ्य होतं, पण तेवढंच कारण नव्हतं. जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं की प्रोसेसरच्या आत बसवलेल्या मायक्रोकोडमध्येच, म्हणजे चिपने कसं वागायचं हे सांगणाऱ्या मूळ सूचनांमध्येच, चूक आहे आणि त्यामुळे चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागते. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ या क्रमांकाचा अपडेट आला. त्याने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या अडवल्या. त्याच महिन्यात वॉरंटी तीन वर्षांची पाच वर्षं करण्यात आली. सप्टेंबरमध्ये मूळ कारण जाहीर झालं.

म्हणजे विक्री सुरू झाल्यापासून कारण कळेपर्यंत जवळपास दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत ज्यांनी चिप घेतली त्यांनी काही मूर्खपणा केला नव्हता. परीक्षणं वाचली होती, नामांकित कंपनी निवडली होती, पैसेही भरपूर मोजले होते. त्यांना हवी असलेली माहिती तेव्हा जगात कुठेच नव्हती, एवढाच काय तो मुद्दा.

'नवीन मॉडेल घेऊ का, की थोडं थांबू?' असं विचारलं की दोन उत्तरं मिळतात. एक म्हणतो, नवीन आहे म्हणजे चांगलंच असणार. दुसरा म्हणतो, पहिल्या लॉटचं कधी घेऊ नये. माझ्या मते दोघंही चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतात. नवं मॉडेल जुन्यापेक्षा जास्त बिघडतंच असं नाही. पुष्कळदा ते कमीच बिघडतं. फरक एवढाच की जुन्या मॉडेलचे दोष लोकांना पाठ झालेले असतात आणि नव्याचे अजून कुणी पाहिलेले नसतात. नव्या इमारतीची गळती पहिल्या पावसाळ्यात कळते. बिल्डर प्रामाणिक असला तरीही.

चिप म्हातारी होते म्हणजे काय होतं

इंटेलच्या या प्रकरणात चिपच्या आत जे घडलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळ्यात फसव्या दोषाचा तो नमुना आहे.

प्रोसेसरमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर एका ठेक्यावर चालतात. सेकंदाला पाचशे-सहाशे कोटी ठोके. हा ठेका चिपच्या कानाकोपऱ्यात पोचवणारं जे वायरिंग आणि सर्किट असतं त्याला क्लॉक ट्री म्हणतात. प्रत्येक ठोक्यात काम पुरं व्हायचं तर ट्रान्झिस्टरला ठरावीक किमान व्होल्टेज मिळावं लागतं. नव्या चिपला समजा अमुक वेगाला १.३ व्होल्ट पुरतात, तर कंपनी थोडी जास्त तजवीज करून ठेवते. कारण वापराने ट्रान्झिस्टर झिजतो आणि ही किमान गरज हळूहळू वर सरकते. हे सगळ्याच चिपांचं होतं. तुमच्या घरातल्या दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरचंही झालंय, पण तजवीज पुरेशी असल्याने तुम्हाला कळलेलं नाही.

तेराव्या-चौदाव्या पिढीत झिजेचा हा वेग बिघडला. जास्त व्होल्टेज आणि उष्णता एकत्र आली की कोअरमधलं (प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे जे अनेक भाग असतात त्यातला प्रत्येक म्हणजे कोअर) क्लॉक ट्रीचं सर्किट अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजत होतं. ठोक्यांची लय सरकायची, किमान व्होल्टेजची गरज वाढायची, आणि एके दिवशी ती गरज मिळणाऱ्या व्होल्टेजच्या पुढे जायची. त्या दिवसापासून मशीन हँग होऊ लागायचं. तेही रोज नाही, कधीतरीच.

आता यातली खोच. एकाच कोअरवर हलकं काम असतं तेव्हा चिप त्या कोअरला सगळ्यात जास्त वेगाने पळवते, आणि त्यासाठी सगळ्यात जास्त व्होल्टेज मागते. म्हणजे मशीनला खूप राबवल्यामुळेच चिप झिजत होती असं नाही. नुसतं चालू ठेवून किरकोळ काम केलं तरी झिजत होती. मे २०२५ मध्ये इंटेलने आणखी एक अपडेट काढला, तो दिवसेंदिवस सलग चालू असलेल्या आणि हलकंच काम करणाऱ्या मशीनसाठी. परीक्षणाला आलेल्या चिपवर लोक तासन्‌तास जड कामाचा भार टाकतात आणि ती तगली की पास म्हणतात. इथे दोषाचं घर दुसरीकडेच होतं.

आणि झिजलेलं भरून येत नाही. अपडेट पुढची झीज रोखतो. जी चिप आधीच अस्थिर झाली ती बदलूनच घ्यावी लागते. म्हणून आजही सेकंडहँड बाजारात या दोन पिढ्यांचा आय७ किंवा आय९ स्वस्तात दिसला, तर मी दोनदा विचार करेन. हा अपडेट बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून येतो, आणि आधीच्या मालकाने तो कधी अपडेट केला होता, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

मग कंपन्या तपासतात तरी काय?

तपासतात, आणि बऱ्यापैकी कसून तपासतात. अडचण तपासणीच्या गणितात आहे.

पाच-सात वर्षांचा वापर काही महिन्यांत पाहायचा तर काळ दाबावा लागतो. त्यासाठी चिपला भट्टीसारख्या उष्णतेत आणि नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेजवर चालवतात. सेमीकंडक्टर उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या ठरलेल्या पद्धतीत तीन वेगवेगळ्या लॉटमधून प्रत्येकी ७७, म्हणजे एकूण २३१ चिप घेतात, त्या साधारण १२५ अंश सेल्सियसला हजार तास चालवतात, आणि त्यातली एकही बिघडता कामा नये अशी अट असते.

ऐकायला कडक वाटतं. पण समजा एखादा दोष हजारात एका चिपमध्ये आहे. मग २३१ चिपांच्या नमुन्यात तो एकदाही न सापडण्याची शक्यता किती? जवळपास ८० टक्के. पाचपैकी चार वेळा ही परीक्षा पास होईल. पुढे दहा लाख चिपा विकल्या गेल्या की हजार ग्राहकांच्या पदरी तो दोष येईल. मोठ्या कंपन्या या किमान परीक्षेपेक्षा बरंच जास्त तपासतात, पण गणिताचा स्वभाव बदलत नाही. प्रयोगशाळेत शेकडो-हजारो नग असतात, बाजारात लाखो. दुर्मीळ दोष बाजारातच सापडणार.

शिवाय काळ दाबण्याची ही युक्ती ओळखीच्या झिजेसाठी आहे. कोणत्या उष्णतेला कोणती झीज किती पट होते याची सूत्रं जुन्या अनुभवातून आलेली असतात. नव्या रचनेत एखादा ट्रान्झिस्टर कुणाच्या ध्यानीमनी नसताना चुकीच्या व्होल्टेजवर बसला असेल, तर सूत्र त्याच्याबद्दल काहीच बोलत नाही.

याच जागी बाथटब कर्व्ह नावाचा आलेख लोक दाखवतात. सुरुवातीच्या दिवसांत बिघाड जास्त, मग बरीच वर्षं कमी, शेवटी झिजून पुन्हा जास्त. आकार न्हाणीच्या टबासारखा. आलेख बरोबर आहे, पण तो काढायला आकडे लागतात, आणि नव्या मॉडेलचे आकडे अजून जमायचे असतात. टबाचा उजवा काठ आठव्या वर्षी येतो की दुसऱ्याच, हे विकत घेताना आलेखावर दिसत नाही.

जाता जाता खोक्यावरच्या एका आकड्याबद्दल. हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर 'एमटीबीएफ दहा लाख तास' असं छापलेलं असतं, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं, म्हणून डिस्क ११४ वर्षं टिकेल असं नाही. वर्षात ८,७६० तास असतात. त्यावरून हिशोब केला तर अर्थ एवढाच, की अशा शंभर डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर साधारण एक जाईल. आणि हा आकडाही टबाच्या सपाट तळाचा. काठांबद्दल तो मौन बाळगतो.

सगळं नवं सारखं नवं नसतं

दुकानदार 'लेटेस्ट' म्हणतो तेव्हा आत नेमकं काय नवं आहे हे विचारायला हवं. चौदाव्या पिढीचं नाव नवं होतं, पण बहुतेक चिपा तेराव्याच्याच घडणीच्या होत्या, थोड्या जास्त वेगाने पळवलेल्या. म्हणून नावाबरोबर दोषही पुढे आला. नवं नाव म्हणजे नवी जोखीम असं नाही. आणि जुनी घडण म्हणजे सुरक्षितता असंही नाही.

खरी जोखीम वाढते ती प्लॅटफॉर्म बदलतो तेव्हा, म्हणजे नवं सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा), नवा चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी मदरबोर्डवरची चिप), कधी नव्या प्रकारची रॅमही, असं एकदम येतं तेव्हा. याचं ठळक उदाहरण २०११ चं. ९ जानेवारीला इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर विक्रीला आले, सोबत नवा सहा मालिकेचा चिपसेट. ३१ जानेवारीला इंटेलनेच त्या चिपसेटची विक्री थांबवली. प्रोसेसर उत्तम होता. चिपसेटमध्ये डिस्क जोडायचे जे साटा पोर्ट असतात, त्यातल्या कमी वेगाच्या चार पोर्टांच्या सर्किटात एका ट्रान्झिस्टरवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. आज चालणारा पोर्ट एक-दोन वर्षांनी मान टाकणार होता. जास्त वेगाचे पहिले दोन पोर्ट मात्र ठणठणीत. ज्याच्याकडे एक डिस्क आणि एक डीव्हीडी ड्राइव्ह त्याच दोन पोर्टांवर होते, त्याला दोष असूनही काही जाणवलं नसतं. दुरुस्ती आणि बदलून देण्याचा खर्च इंटेलने सुमारे ७० कोटी डॉलर धरला, आणि विक्रीतलं नुकसान ३० कोटी वेगळं. एका ट्रान्झिस्टरपायी.

मला यात इंटेलचं वागणं बरं वाटतं, हेही सांगितलं पाहिजे. तीन आठवड्यांत स्वतःहून विक्री थांबवली. तेराव्या पिढीच्या वेळी ती तत्परता दिसली नाही.

दुसरा प्रकार कच्च्या फर्मवेअरचा, म्हणजे बायोससारख्या, हार्डवेअर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचा. एप्रिल २०२३ मध्ये इंटेलची स्पर्धक एएमडी हिचा रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर आला आणि त्याच महिन्यात त्या मालिकेतल्या काही चिपा मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये अक्षरशः जळल्याचे फोटो फिरू लागले. रॅमचा वेग वाढवणारी एक्स्पो सेटिंग सुरू केली की काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला, ज्याला एसओसी म्हणतात, जास्तच व्होल्टेज देत होते. एएमडीने ही मर्यादा १.३ व्होल्टवर बांधून टाकली आणि मदरबोर्ड कंपन्यांनी नवे बायोस काढले. महिन्याभरात प्रकरण निवळलं. अशा दोषांवर नुसतं थोडं थांबणं हा खरोखर चांगला उपाय आहे.

तिसरा प्रकार जोडणीचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या एनव्हिडिया आरटीएक्स ४०९० कार्डाला वीज देणारा सोळा पिनांचा नवा कनेक्टर काही ठिकाणी वितळला. प्लग पूर्ण आत न बसणं हे समान कारण आढळल्याचं एनव्हिडियाने सांगितलं. पुढे कनेक्टरची रचना सुधारली, त्यातल्या संवेदक पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्ड वीज ओढणारच नाही. ग्राहकाने नीट लावला नाही हे कारण मला अर्धंच पटतं. सहाशे वॅट वाहून नेणारा प्लग थोडा सैल राहिला की वितळत असेल, तर चूक रचनेकडेही जाते.

आणि मग मॉडेल जुनं, पण लॉट नवा, असाही एक प्रकार असतो. लोकांचं याकडे लक्षच नसतं. ॲपलचा एम२ चिपवाला मॅक मिनी जानेवारी २०२३ मध्ये आला. दीड वर्ष बाजारात राहिलेलं, नावाजलेलं मशीन. तरी १६ जून ते २३ नोव्हेंबर २०२४ या काळात बनलेल्या काही थोड्या नगांमध्ये मशीन सुरूच न होण्याचा दोष निघाला आणि ॲपलला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली. जो ग्राहक 'आधी सगळ्यांना वापरू दे, मग घेतो' म्हणून थांबला होता, नेमका तोच सापडला.

याच जातीचा पण फार मोठा घोटाळा २००३ ते २००५ च्या दरम्यान झाला, मदरबोर्डवरच्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवून ती स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्यांचा. निकृष्ट इलेक्ट्रोलाइट (आतलं रासायनिक द्रव) भरलेले कपॅसिटर फुगायचे, गळायचे, आणि मशीन बंद. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मशीनपासून ॲपलच्या आयमॅक जी५ पर्यंत सगळीकडे तो माल गेला होता. त्या काळात मुंबईत लॅमिंग्टन रोडला रिपेअरिंगची दुकानं ज्यांनी पाहिली असतील त्यांना फुगलेल्या टोप्यांचे मदरबोर्ड आठवतील. डेलने यासाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. डेलने आणि ॲपलने कपॅसिटर बनवले नव्हते. बाहेरून घेतले होते. कॉम्प्युटरवर एकाच कंपनीचं नाव असलं तरी आतला माल पन्नास ठिकाणचा असतो.

(सगळ्यात गमतीदार दोष मात्र १९८० च्या ॲपल थ्री चा. पंखा नको या हट्टापायी मशीन तापायचं आणि चिपा सॉकेटमधून सैल व्हायच्या. उपाय म्हणून ग्राहकांना सुचवलं गेलं, मशीन थोडं उचला आणि टेबलावर आपटा. पहिले सुमारे चौदा हजार नग शेवटी बदलून द्यावे लागले.)

किती थांबायचं?

दोषाच्या प्रकारावर ते ठरतं. खोक्यातूनच बिघडलेलं निघालं तर ते पहिल्या आठवड्यात कळतं. त्यासाठी थांबायचं कारण नाही, बदलून घेता आलं की झालं. फर्मवेअरचे कच्चे दुवे तीन-चार महिन्यांत बऱ्यापैकी पक्के होतात. म्हणून नवं सॉकेट किंवा नवा चिपसेट असेल तर मी तेवढं थांबायला सांगतो. तोवर किंमतही उतरते, हा वरचा फायदा. लॉटच्या दोषावर थांबून उपाय होत नाही, ते मॅक मिनीने दाखवलंच. आणि हळूहळू झिजणारा दोष दीड-दोन वर्षांनी उघड होतो, तोवर ते मॉडेल जुनं होऊन पुढचं आलेलं असतं. तेवढं थांबणाऱ्याने कधीच काही घेऊ नये.

अशा झिजेवर एकच उपाय, वॉरंटी. ती किती वर्षांची, कोण देणार आणि कुठे देणार. बेंचमार्कमधला, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांमधला, पाच टक्क्यांचा फरक पाहण्यात लोक दोन रात्री घालवतात आणि वॉरंटीचं कार्ड खोक्यातच राहतं.

कुणाचं काम आहे त्यावरही बरंच अवलंबून. ज्याच्या ऑफिसात एकच मशीन आहे, उदाहरणार्थ जुलैमध्ये रिटर्न भरणारे कर सल्लागार किंवा लग्नसराईत अल्बम करणारा स्टुडिओ, त्याने पहिल्या तीन महिन्यांतलं नवं प्लॅटफॉर्म घेऊ नये. तिथे एक दिवस मशीन बंद म्हणजे चिपच्या किमतीपेक्षा जास्त नुकसान. हौशी माणसाकडे जुना लॅपटॉप हाताशी असतो. त्याने खुशाल पहिल्या दिवशी घ्यावं. उलट अशा लोकांमुळेच दोष लवकर उघड होतात, बाकीच्यांनी त्यांचे आभारच मानावेत.

इथे घेताना

परीक्षणं बहुतेक वातानुकूलित खोलीत होतात, पंचवीस अंशांच्या आसपास. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असताना खोलीत अडतीस-चाळीस सहज असतं. हवाच पंधरा अंशांनी गरम असेल तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच जास्त तापतो, आणि उष्णतेने झीज वाढते हे वर आलंच आहे. म्हणून आपल्याकडे सगळ्यात वरची, जास्तीत जास्त वीज खाणारी चिप घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. एक पायरी खालची घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), यूपीएस आणि हवा खेळत्या कॅबिनेटवर घाला. आणि अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष कॉम्प्युटरमध्ये शोधू नका.

असेंबल्ड मशीनमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते. प्रोसेसर आणि मदरबोर्डला साधारण तीन वर्षं, एसएसडीला तीन ते पाच, चांगल्या एसएमपीएसला त्याहून जास्त, आणि रॅमला बहुधा सगळ्यात लांब. दोष कशात आहे हे शोधण्याचं काम मात्र तुमचं किंवा दुकानदाराचं. तेराव्या पिढीसारखा लपलेला दोष असला की इथेच महिने जातात, कारण मदरबोर्डवाला रॅमकडे बोट दाखवतो आणि रॅमवाला मदरबोर्डकडे. ब्रँडेड डेस्कटॉप महाग पडतो, पण त्यात ही डोकेदुखी कंपनीची असते. ऑनसाइट सर्व्हिस घेतली असेल तर माणूस घरी येतो. फक्त तुमच्या तालुक्यात येतो का, ते आधीच विचारून घ्या.

अमेरिकेहून किंवा दुबईहून येणाऱ्या भावाकडून ग्राफिक कार्ड मागवण्याची आपल्याकडे रीत आहे. स्वस्त पडतं खरं, पण बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी जिथे विकलं त्या देशापुरती असते. अगदी नव्या मॉडेलच्या बाबतीत हा सौदा मला महागाचा वाटतो. खोक्याऐवजी नुसत्या ट्रेमधून मिळणारा प्रोसेसरही तसाच. त्याची वॉरंटी विकणाऱ्यामार्फत मागावी लागते, म्हणजे दुकान टिकलं तर वॉरंटी टिकली.

मशीन घरी आलं की पहिलं काम बायोस अपडेट. मदरबोर्ड खोक्यात बंद झाला तेव्हाचा बायोस त्यात असतो, आणि तो कित्येक महिने जुना असू शकतो. अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नका, यूपीएसवरच करा. वेग वाढवणाऱ्या सगळ्या आपोआप सेटिंग पहिले काही दिवस बंद ठेवा. मग ऑनलाइन घेतलं असेल तर परत करण्याची मुदत, जी पुष्कळदा सात ते दहा दिवसांची असते, ती संपायच्या आत मशीनला कामाला लावा. रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवा. सेव्हन-झिप या फाइली दाबणाऱ्या प्रोग्राममध्ये काही जीबींची फाइल दाबून पुन्हा पुन्हा उलगडून पाहा. झिजलेले प्रोसेसर नेमके इथे चुकतात. मागचा-पुढचा प्रत्येक यूएसबी पोर्ट, प्रत्येक साटा पोर्ट एकदा वापरून बघा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'व्हिया' (WHEA) नावाच्या हार्डवेअरच्या चुका नोंदल्या जातात, त्या पाहायला शिका.

एकदाच हँग झालं, पुन्हा झालं नाही, म्हणून सोडून देऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरच्या क्रॅशच्या नोंदी अभ्यासल्या. ज्या मशीनमध्ये हार्डवेअरच्या चुकीने एकदा क्रॅश झाला, त्यात पुन्हा तसा क्रॅश होण्याची शक्यता पहिल्या क्रॅशच्या तुलनेत कित्येक पटींनी जास्त निघाली. तारीख लिहून ठेवा, स्क्रीनचा फोटो काढा.

बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. 'आय७ पीसी, एक नग' एवढंच लिहिलेलं बिल पुढे कुठेच चालत नाही. सर्व्हिस सेंटरने हात वर केले तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि माल-सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मशीन मुंबईहून घेतलं असो की ऑनलाइन. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि दोष केव्हा दिसला हे दाखवायला तेव्हा तुमच्याकडे तो फोटो आणि ती तारीख लागते.